वाळू की खडी? फिश टँकच्या तळाचा हिशेब

पिंपरी-चिंचवडच्या नळाला येणारं पाणी घरात शिरण्याआधी वाळू आणि खडी दोन्हींतून गेलेलं असतं. पवना धरणातून नदीत सोडलेलं पाणी रावेतला उचलतात, ते निगडीच्या सेक्टर २३ मधल्या जलशुद्धीकरण केंद्रात येतं. तिथे तुरटीसारखं रसायन घालून गाळ खाली बसवला जातो आणि उरलेलं पाणी वाळूच्या थरातून झिरपवलं जातं. आपल्याकडच्या बहुतेक महापालिकांची पद्धत हीच. वाळूचा हा थर साधारण ६० ते ७५ सेंटिमीटर जाड असतो, त्यातली वाळू चाळून निवडलेली असते आणि तिच्याखाली खडी असते. या मांडणीत कामाची वाटणी स्पष्ट आहे. वाळू घाण वरच अडवते आणि खडी पाण्याला वाट देते. अडलेली घाण काढायला खालून वर जोराने पाणी सोडून अख्खा थर धुतात, तोही नियमितपणे. हे धुणं थांबलं तर वाळू काही दिवसांतच बुजून जाईल.

घरातल्या फिश टँकमध्ये वाळू आणि खडी दोन्हींचे गुण हेच राहतात. फक्त खालून पाणी सोडणारी यंत्रणा नसते. टाकीच्या तळाला काय घालायचं या प्रश्नाचं अर्धं उत्तर या एका फरकात आहे. उरलेलं अर्धं माशाच्या तोंडात आणि दगडाच्या जन्मात आहे. दुकानात मात्र निवड रंगावरून होते. मुलाला निळी खडी आवडते, आईला पांढरी, आणि दुकानदाराकडे दोन्हींच्या पिशव्या तयार असतात. मासे कोणते पाळणार, हा प्रश्न त्यानंतर निघतो. क्रम उलटा झाला की पुढची सगळी डोकेदुखी सुरू होते.

आधी आकाराचं बोलू. भूशास्त्रात २ मिलिमीटरपेक्षा बारीक कण ती वाळू आणि त्यापेक्षा मोठे ते गोटे-खडी. चेस्टर वेंटवर्थ या अमेरिकन भूशास्त्रज्ञाने १९२२ मध्ये मांडलेली ही मोजपट्टी आजही वापरात आहे. टाकीसाठी विकली जाणारी वाळू बहुधा अर्ध्या ते एक मिलिमीटरची असते आणि खडी ३ ते ६ मिलिमीटरची. बाजारात १० मिलिमीटरचे चकचकीत गोटेही मिळतात. ते कुंडीत शोभतात, टाकीत नाहीत.

दोन्हींची भांडी भरून पाहिली तर एक गंमत कळते. सारख्या आकाराचे गोलसर कण घेतले तर वाळूच्या लिटरभर थरात जेवढी पोकळी असते, जवळपास तेवढीच खडीच्या लिटरभर थरात असते, साधारण ४० टक्के. फरक पोकळीच्या एकूण मापात नसून एकेका फटीच्या रुंदीत असतो. अॅलन हेझन या अमेरिकन अभियंत्याने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वाळूतून पाणी किती वेगाने उतरतं याचा अभ्यास केला. त्यातून निघालेला ढोबळ नियम असा, की हा वेग कणाच्या व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. शुद्धीकरण केंद्रातली वाळू निवडायची मोजमापंही त्याच्याच कामातून आली. हा नियम टाकीला लावा. अर्ध्या मिलिमीटरच्या वाळूपेक्षा ४ मिलिमीटरची खडी आठपट जाड, म्हणजे तिच्यातून पाणी चौसष्टपट सहज जाणार.

आता दुसरी बाजू. माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो आणि तो त्यांना विषारी असतो. काही जिवाणू या अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि नायट्रेट त्या मानाने निरुपद्रवी असतं. या जिवाणूंना बसायला पृष्ठभाग लागतो आणि श्वसनाला प्राणवायू. दोन फुटी टाकीचा तळ ६० बाय ३० सेंटिमीटरचा असतो. त्यात ४ सेंटिमीटरचा थर घातला तर साधारण ७ लिटर माल लागतो. तो अर्ध्या मिलिमीटरच्या वाळूचा असेल तर सगळ्या कणांचा मिळून पृष्ठभाग ५० चौरस मीटरच्या आसपास भरतो, म्हणजे मोशी-चिखलीकडच्या एखाद्या वन बीएचके फ्लॅटएवढा. ४ मिलिमीटरच्या खडीचा भरतो जेमतेम साडेसहा चौरस मीटर, म्हणजे त्या फ्लॅटमधलं छोटं स्वयंपाकघर. कागदावर वाळू सहज जिंकते. प्रत्यक्षात वाळूच्या फटींतून पाणी खेळत नाही, प्राणवायू वरच्या काही मिलिमीटरपुरताच पोहोचतो, आणि त्या मोठ्या फ्लॅटच्या बहुतेक खोल्या बंदच राहतात. त्यामुळे कोणता थर जास्त जिवाणू पाळतो या वादाला मी फार किंमत देत नाही. आजच्या टाकीत हे काम फिल्टरमधला स्पंज करतो. तळाने ते थोडं उचललं तर चांगलंच, पण तळाची निवड त्यावरून करू नये.

एके काळी मात्र सगळा भार तळावरच असे. तळाशी प्लास्टिकची जाळीदार पाटी, तिच्यावर दोन-तीन इंच खडी, कोपऱ्यातल्या नळीतून हवेचे बुडबुडे. त्या ओढीने टाकीतलं पाणी खडीतून खाली उतरे आणि नळीतून वर येई. जुन्या टाक्यांत ही अंडरग्रॅव्हल पाटी हमखास दिसायची आणि अजूनही दुकानांत कोपऱ्यात पडलेली दिसते. तिच्यावर वाळू घालता येत नाही, कारण वाळू जाळीतून खाली गळते किंवा जाळीच बुजवते. ‘टाकीत खडीच घालायची’ हा सल्ला त्या काळातून आला. पाटी गेली तरी सल्ला टिकून राहिला. आज वर लटकणारा फिल्टर, टॉप फिल्टर किंवा साधा स्पंज वापरणाऱ्याला तो लागू नाही.

घाणीचं पाहिलं तर दोन्हींचा स्वभाव निगडीच्या केंद्रातल्यासारखाच राहतो. उरलेलं खाद्य आणि विष्ठा खडीच्या फटींत उतरते. वरून टाकी स्वच्छ दिसते आणि खाली कुजणं चालू राहतं. सायफनची रुंद नळी खडीत खुपसून फिरवली, की ढगासारखा चॉकलेटी गाळ वर येतो. ज्यांनी दोन-तीन महिने नळी लावलेली नसते ते त्याच्याकडे पाहतच राहतात. वाळूवर घाण वरच पडून राहते, त्यामुळे टाकी लवकर मळकट दिसते. पण ती काढायला नळी वाळूच्या बोटभर वरून फिरवली की पुरतं. नळी वाळूत खुपसली तर वाळूच बादलीत येते. ज्या घरात टाकी साफ करायची आठवण ती घाण दिसल्यावरच होते, तिथे वाळू बरी, कारण ती लपवाछपवी करत नाही.

वाळूबद्दल एक भीती पसरलेली आहे, की तिच्याखाली विषारी वायू साठतो आणि मासे मरतात. भीतीला आधार आहे. जाड आणि न हलवलेल्या थरात प्राणवायू संपला की दुसऱ्या जातीचे जिवाणू कामाला लागतात, थरात काळे पट्टे उमटतात आणि उकरल्यावर सडक्या अंड्यासारखा वास येतो. हा हायड्रोजन सल्फाइड. पण त्यासाठी थर बराच जाड आणि बराच काळ दुर्लक्षित लागतो. ३ सेंटिमीटरच्या वाळूत, महिन्यातून एकदा बोटांनी हलकेच ढवळलं तर हे सहसा होत नाही. आपल्या नद्यांत आणि तलावांत सापडणारी उभट शंखाची गोगलगाय, शास्त्रीय नाव मेलानॉइडिस ट्यूबरक्युलाटा, वाळूत दिवसभर पुरून घेते आणि रात्री वर येते. ती हे ढवळण्याचं काम फुकट करते. तिची संख्या मात्र खाद्याच्या प्रमाणात वाढते, तेव्हा काचेवर गोगलगायी मोजता येईनाशा झाल्या तर दोष आपल्या चिमटीचा समजावा.

वीज हा इथला खास मुद्दा. या औद्योगिक पट्ट्यात गुरुवार सुट्टीचा आणि दुरुस्तीचा, त्यामुळे कधी कधी तासन्‌तास वीज नसते. फिल्टर बंद पडला की खडीत खोलवर वाढलेल्या जिवाणूंना पाणी मिळेनासं होतं आणि फटींत अडकलेली घाण उरलेला प्राणवायू वापरू लागते. अंडरग्रॅव्हल पाटीवर चालणाऱ्या टाकीला हा फटका सर्वांत जास्त बसतो. पातळ, स्वच्छ थराला तो कमी बसतो. बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप घरात असावा. तो रंगीत खडीच्या दोन पिशव्यांहून जास्त उपयोगी पडतो.

आता मासा. गोल्डफिश हा कार्पच्या कुळातला, म्हणजे आपल्या रोहू-कटल्याचा नातलग. या कुळातल्या माशांच्या टाळूवर एक मांसल, स्नायूंचा अवयव असतो. मासा तळातून तोंडभर वाळू उचलतो, टाळूच्या त्या गादीने खाण्याचा कण तोंडातच दाबून धरतो आणि बाकीची वाळू बाहेर थुंकून टाकतो. गोल्डफिश दिवसभर हेच करतो. वाळू त्याच्या या सवयीला जुळते. अगदी बारीक खडीही चालते. धोका असतो तो मधल्या मापाच्या, ५ ते ८ मिलिमीटरच्या खडीचा. ती तोंडात शिरते आणि कधी कधी घशात अडकते. दुकानांत गोल्डफिशच्या टाक्यांसाठी नेमकी हीच खडी विकली जाते. मोठे गोटे तोंडात मावत नाहीत म्हणून ते सुरक्षित, पण त्यांच्या मधल्या भेगांत एवढं खाद्य जातं, की गोल्डफिशसारख्या खादाड माशाच्या टाकीत ते कुजून पाणी नासवतं.

कोरिडोरास, ज्याला दुकानात नुसतं ‘कोरी’ म्हणतात, तो तळातला कसलेला कामगार. नाक वाळूत खुपसून तो शोधतो आणि वाळू कल्ल्यांतून मागे सोडतो. त्याच्या तोंडाजवळच्या मिशा हेच त्याचे डोळे-बोटं. खडीवर ठेवलेल्या कोरीच्या मिशा झिजून खुंटलेल्या दिसतात. धारदार कडांमुळे हे होतं असं बहुतेक जण सांगतात. माझ्या मते खडीखालच्या घाणीतल्या जिवाणूंचा त्यात वाटा मोठा आहे. उपाय दोन्हींवर एकच, गोलसर कणांची स्वच्छ वाळू. कुली लोचला तर वाळू हवीच, तो तिच्यात पुरून घेतो.

यासाठी परदेशी माशाचंच उदाहरण घ्यायला नको. भीमेच्या खोऱ्यातल्या ओढ्यांत मुरी म्हणून ओळखले जाणारे छोटे लोच मासे सापडतात. कर्नल विल्यम हेन्री सायक्स हा ब्रिटिश अधिकारी १८२० च्या दशकात दख्खनची पाहणी करत हिंडला आणि १८३९ मध्ये त्याने इथल्या माशांची शास्त्रीय वर्णनं प्रसिद्ध केली. त्यांत एका लोचचं नाव त्याने ‘मूरेह’ असंच ठेवलं आणि ते आजही चालू आहे. पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या महसीरचं, म्हणजे टॉर खुद्रीचं, पहिलं वर्णनही त्याचंच. लोचांतल्या लेपिडोसेफॅलिक्थिस वंशातले मासे उथळ, संथ पाण्यातल्या वाळूत डोळ्यांपर्यंत पुरून बसतात, पाऊल पडलं की निसटतात. वामही रात्री हिंडते आणि दिवसा वाळूत किंवा दगडांखाली दडते. मावळातल्या एखाद्या ओढ्याच्या वळणाकडे नीट पाहिलं तर दिसेल, की धारेत गोटे आहेत आणि वळणाच्या आतल्या संथ बाजूला वाळू साचली आहे. गोट्यांवरचे मासे वेगळे आणि वाळूवरचे वेगळे. तळ निवडायचा म्हणजे त्या वळणातली कोणती बाजू घरी आणायची ते ठरवायचं.

काही माशांना मात्र तळाशी देणंघेणं नसतं. गप्पी, मॉली, टेट्रा वर-मध्ये राहतात. डेंग्यूच्या दिवसांत आरोग्य खातं डासांच्या अळ्या खायला हौदात सोडतं तो गप्पी उघड्या सिमेंटवरही मजेत जगतो. एंजलला उंची हवी, तळ कसाही चालतो. फ्लॉवरहॉर्न तळ उकरून एका कोपऱ्यात ढीग लावतो, तेव्हा त्याच्या टाकीत काही न घालणंच शहाणपणाचं. कंपन्यांच्या रिसेप्शनमध्ये आणि शोरूममध्ये शुभ म्हणून ठेवलेल्या मोठ्या माशांच्या टाक्या बऱ्याचदा अशा मोकळ्या तळाच्याच असतात, आणि त्यात काहीही गैर नाही. मासा बेचैन वाटला तर काचेच्या खालच्या बाजूला गडद कागद चिकटवावा. चमकणारी नागडी काच त्याला खुपते.

दगडाच्या जन्माची गोष्ट आता. आपण बसाल्टवर राहतो, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हावर. मोशीच्या खाणींतून निघणारी काळी खडी आणि क्रश सँड याच दगडाची. सोसायटीचं काम चालू असताना गेटजवळ ढीग पडलेला असतो आणि घमेलंभर उचलून आणायचा मोह होतो. बसाल्ट स्वतः पाण्यात विरघळत नाही, त्या अर्थी तो सुरक्षित आहे. अडचण दुसरी. क्रशरमधून निघालेला कण नदीतल्या वाळूसारखा घासून गोल झालेला नसतो, त्याच्या कडा तिखट असतात. शिवाय बांधकामाच्या दगडी वाळूत १५० मायक्रॉनपेक्षा बारीक भुकटी वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत असायला भारतीय मानकाची परवानगी आहे. काँक्रीटला ती चालते. टाकीत ती भुकटी आठ-आठ दिवस पाणी राखी ठेवते. चाळून, पुनःपुन्हा धुऊन आणि फक्त गप्पी-मॉलीसाठी वापरायची असेल तर क्रश सँड चालेल. कोरीसाठी किंवा गोल्डफिशसाठी नको.

बसाल्टच्या पोकळ्यांत आणखी एक गोष्ट दडलेली असते. लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या जागी नंतर पांढरी खनिजं जमली. त्यांत झिओलाइट असतात, गारा असतात, आणि कॅल्साइटही असतं. वाघोलीच्या खाणीतला निळा कॅव्हन्साइट अशाच पोकळ्यांत सापडतो आणि त्यासाठी जगभरचे संग्राहक पुण्याचं नाव घेतात. टाकीच्या दृष्टीने त्यांतला कॅल्साइट महत्त्वाचा, कारण तो चुनखडीचाच भाऊ. तो हळूहळू विरघळतो आणि पाणी जड करतो. पांढरे ठिपके असलेली खडी घेतली तर तिच्यावर व्हिनेगरचे थेंब टाकून पाहावेत. बुडबुडे आले तर ती खडी कुंडीत जाऊ द्या.

हीच कसोटी दुकानातल्या पांढऱ्याशुभ्र मार्बल चिप्सना लावली तर त्या बहुधा नापास होतात. कोकणातून पिशवीत भरून आणलेल्या वाळूचं तेच. तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो. आफ्रिकेतल्या टांगानिका-मलावी सरोवरांतल्या सिक्लिड माशांना असं जड पाणी मानवतं, टेट्रा आणि कोरीला मानवत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे किनाऱ्यावरून आणि नदीतून वाळू काढण्यावर कायद्याचे निर्बंध आहेत. छंदासाठी तो वाद ओढवून घेण्यात अर्थ नाही.

इथे शहरातला एक बारकावा ध्यानात घ्यावा. पवना किंवा आंद्रा धरणाचं पाणी म्हणजे मुख्यतः मावळातला पाऊस, ते हलकं. असं हलकं पाणी चुनखडीला जास्त खातं, म्हणून मार्बल चिप्सचा परिणाम नळाच्या पाण्यावर चालणाऱ्या टाकीत सर्वांत जास्त दिसतो. बोअरचं पाणी आधीच जड, त्यात तोच दगड फारसा फरक करत नाही. पुनावळे, मोशी, चिखली भागांतल्या बऱ्याच सोसायट्यांत नळ, बोअर आणि टँकर एकाच टाकीत मिसळतात, म्हणजे पाण्याची जडता आज एक आणि परवा दुसरी. अशा घरात निदान तळाने तरी पाणी बदलू नये. गारेची, म्हणजे सिलिकाची वाळू यासाठीच बरी. ती पाण्याला काही देत नाही आणि त्यातून काही घेत नाही.

सिलिका म्हटलं की भोसरी-चाकण पट्ट्यात प्रत्येकाला फाउंड्री आठवते. घरातलं कोणी ना कोणी कास्टिंगच्या धंद्यात असतं, आणि ‘आमच्याकडे वाळू पडलीय, घेऊन जा’ असं सहज सांगितलं जातं. इथे स्पष्ट नकार द्यावा. साच्याच्या वाळूत बेंटोनाइट माती आणि कोळशाची भुकटी मिसळलेली असते. कोअरच्या वाळूवर फिनॉलवर आधारित रेझिनचा लेप असतो. वापरून टाकलेल्या वाळूत त्याचे जळके अवशेष आणि धातूचे कण उरतात. कितीही धुतली तरी ती टाकीसाठी नाही. सँडब्लास्टिंगच्या ग्रिटचंही तेच. कोरी, न वापरलेली फाउंड्री सिलिका रसायनमुक्त असते, पण बहुधा फार बारीक, पाव मिलिमीटरच्या आसपास. ती सिमेंटसारखी दबून बसते.

याच पट्ट्यात त्याहून चांगली वस्तू मिळते आणि तिकडे कोणाचं लक्ष जात नाही. प्रत्येक मोठ्या सोसायटीत आणि कारखान्यात पाणी शुद्ध करायचे प्रेशर सँड फिल्टर असतात, आणि त्यांत भरायची चाळलेली गारेची वाळू वॉटर ट्रीटमेंटचं साहित्य विकणाऱ्यांकडे गोणीने मिळते. अर्धा ते एक मिलिमीटरचा ग्रेड मागावा. कण सारखे, धूळ कमी, रंग फिकट बदामी. जलतरण तलावाच्या फिल्टरची वाळूही हीच. सिंधुदुर्गात कासार्डे परिसरात सिलिकाच्या खाणी आहेत आणि तिथला माल काच-फाउंड्री उद्योगांना जातो. गोणी कुठूनही आलेली असो, व्हिनेगरची कसोटी मात्र चुकवू नये.

झाडांची टाकी करणाऱ्यांचा हिशेब वेगळा. जमिनीत मुळं सोडणाऱ्या क्रिप्टोकोरिन, व्हॅलिस्नेरियासारख्या वनस्पतींना अन्न हवं असतं आणि सिलिकात अन्न नसतं. जर्मनीत कास्पार होर्स्ट आणि होर्स्ट किपर या दोघांनी १९८० च्या दशकात झाडांच्या टाकीची एक पद्धत लोकप्रिय केली. खडीच्या तळथरात त्यांनी लोहयुक्त लॅटराइट मिसळायला सांगितलं. लॅटराइट म्हणजे आपला जांभा, महाबळेश्वरच्या पठारापासून कोकणापर्यंत घरांच्या भिंतींत दिसणारा. जर्मन लोक तो डब्यातून विकत घेत होते. हे वाचून जांभ्याची माती टाकीत ओतू नये. ती वर आली तर पाणी तांबडं होतं आणि कित्येक दिवस तसंच राहतं. वापरायचीच असेल तर अगदी पातळ, आणि तिच्यावर ३ सेंटिमीटर वाळू किंवा बारीक खडी. अमेरिकेतल्या डायना वॉल्स्टॅड यांनी साधी बागेची माती खाली आणि वर खडीचं झाकण, अशी स्वस्त पद्धत मांडली. तीही चालते, फक्त तळ उकरणारा मासा त्यात नको. दोन-चार रोपंच लावायची असतील तर मुळाशी खताच्या गोळ्या पुरून काम भागतं.

धुण्यापुरतं थोडं. दोन फुटी टाकीत ३ सेंटिमीटर थराला साधारण साडेपाच लिटर, म्हणजे आठ-नऊ किलो वाळू लागते. बादलीत थोडी थोडी घेऊन, हाताने ढवळून, गढूळ पाणी ओतून टाकायचं आणि वरचं पाणी जवळपास नितळ होईपर्यंत पुन्हा करायचं. शहरात २०१९ च्या नोव्हेंबरपासून दिवसाआड पाणी सुरू झालं. हे धुणं पाण्याच्या दिवशीच काढावं आणि ते गढूळ पाणी झाडांना घालावं. टाकीत वाळू घातल्यावर तिच्यावर ताटली ठेवून ताटलीवर पाणी ओतलं तर ढग उठत नाही. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढल्याशिवाय मासे सोडू नयेत. चालू टाकीचा तळ बदलायचा असेल तर एकदम सगळा न काढता आठवड्याच्या अंतराने थोडा थोडा बदलावा. जुना फिल्टर तसाच चालू ठेवला तर माशांना धक्का बसत नाही.

मग वाळू की खडी? माझा कौल असा. घरात कोरी, लोच किंवा गोल्डफिश असेल तर अर्धा ते एक मिलिमीटरची गारेची वाळू, ३ सेंटिमीटर, त्याहून जाड नाही. गप्पी, टेट्रा, एंजल आणि थोडी झाडं असतील तर २ ते ३ मिलिमीटरची, म्हणजे वाळूच्या सीमेवरची बारीक खडी. ती सायफनला सोपी आणि मुळांना मोकळी. अंडरग्रॅव्हल पाटी अजून चालवत असाल तर ३ ते ५ मिलिमीटरची खडी, आणि दर पंधरा दिवसांनी सायफन. फ्लॉवरहॉर्न किंवा अरोवानाला काहीच नको. रंग लावलेली खडी कोणालाच नको, कारण तिचा रंग पाण्यात उतरतो आणि तिच्याबरोबर आलेला आनंद महिनाभरात फिका पडतो.

टाकी मोडायची वेळ आली तर जुनी वाळू कुंड्यांत घाला. मासे दुकानात परत करा किंवा दुसऱ्या हौशी माणसाला द्या. ते पवनेत किंवा इंद्रायणीत सोडू नका. पवना मुळेला मिळते, इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते, आणि हे सगळं पाणी शेवटी उजनीत जातं. काच साफ करतो म्हणून घरी आणलेला दक्षिण अमेरिकेतला सकर मासा आज उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यात येऊ लागला आहे.